मगरीचा दुसरा हप्ता

“आजपासून फुकट एक ठिपकासुद्धा काढणार नाही!” पेंटरने जाहीर केलं आणि कप टेबलावर असा आपटला की अर्धा चहा टेबलच प्यायलं.

बायको मुकाट्याने फडकं घेऊन आली. ही घोषणा तिने पूर्वीही ऐकली होती. पेंटर भिंतींवर चित्रं काढायचा. दुकानं, शाळा, सलून, मिळेल तिथे. हातात जादू होती, पण पैसे मागायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटायची. सलूनवाल्याने पैशांऐवजी वर्षभर फुकट केस कापून द्यायचं कबूल केलं होतं. पेंटरच्या डोक्यावर तेव्हा कानांच्या वर जेमतेम एक झालर उरली होती! स्टेशनरीवाल्याने तर काम अर्धं झाल्यावर त्यावर पडदा टाकला आणि उरलेला वाघ पुतण्याकडून पुरा करून घेतला. पुतण्याने वाघाला पाच पाय दिले.

“हे बघा,” बायको म्हणाली, “या वेळचे पैसे बुडाले, तर माझ्या भावाच्या दुकानात बसायचं. ठरलं.”

मेहुण्याचं दुकान रंगाचं होतं. म्हणजे लोक येणार, आपापल्या भिंतींसाठी डबे नेणार, आणि पेंटर ते डबे ढवळून देणार! त्या विचारानेच त्याला दरदरून घाम फुटला. त्याच तिरीमिरीत त्याने एक करार लिहून काढला.

करार कसला, किल्लाच होता तो! पहिला हप्ता कामाआधी. दुसरा अर्ध्यावर, दोघांनी मिळून काम पाहिल्यावर. तिसरा काम संपल्यावर. हप्ता आला नाही तर हत्यार खाली. अर्धं काम झाकायचं नाही, ही स्टेशनरीवाल्याची आठवण. एका कामाचे पैसे दुसऱ्या कामात वळते करायचे नाहीत, ही सलूनवाल्याची. आणि जो कोणी करार मोडेल, त्याने समोरच्याला पाच नोटा दंड द्यायचा. रोख!

हा किल्ला घेऊन पेंटर दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. लहान मुलं दवाखान्यात यायला घाबरतात, म्हणून वेटिंग रूमच्या भिंतीवर त्यांना काहीतरी गमतीचं हवं होतं. पेंटरने सुचवलं, एक भलीमोठी हसरी मगर, आणि तिचे दात घासणारा एक चिमुकला पक्षी. बाईंना कल्पना फारच आवडली. मग पेंटरने मनाचा हिय्या करून करार पुढे सरकवला.

बाईंनी पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. आणि मग त्यांनी पान उलटलं! पेंटर थक्क झाला. त्याच्या उभ्या आयुष्यात कोणी त्याचा कागद उलटून पाहिला नव्हता.

“किती चोख लिहिलंय हो तुम्ही!” बाई म्हणाल्या. “दोन्ही बाजूंना सारखंच बांधलंय. हे सुचलं कसं तुम्हाला?”

आणि सही करून त्यांनी पहिला हप्ता काढून समोर ठेवला. पेंटरने मागे वळून पाहिलं. ते पैसे दुसऱ्या कोणासाठी असतील, असं त्याला खरंच वाटलं. मागे फक्त कोट टांगायचा खिळा होता.

काम सुरू झालं. पेंटरने दातांपासून सुरुवात केली. असे दात त्याने कधी रंगवले नव्हते! एकेक दात पावाएवढा, टोकाला चमक, मुळाशी गुलाबी सावली. पण इतके दात रंगवता रंगवता त्याच्या स्वतःच्याच दाढेने डोकं वर काढलं. अशी ठणकायला लागली की शिडीवर उभं राहवेना.

बाईंनी तपासलं. “रूट कॅनाल करावं लागेल.”

“करा, मॅडम.”

“करते की. पण आधी कागद करू या.”

त्यांनी ड्रॉवरमधून कागद काढला. पेंटरचाच करार! शब्द न् शब्द तोच, फक्त ‘भिंत’ जिथे जिथे होती तिथे ‘दाढ’. पेंटरचे डोळे पाणावले. दुखण्याने असतील, पण आपण लिहिलेलं कोणीतरी नकलून घ्यावं यासारखा मान नाही. त्याने अभिमानाने सही केली आणि दाढेचा पहिला हप्ता मोजून दिला. भिंतीच्या पहिल्या हप्त्यातले काही पैसे रंगांत गेले होते, काही आता दाढेत गेले, आणि उरलेले बायकोने आधीच ताब्यात घेतले होते. खिसा स्वच्छ झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत अर्धी झाली. पेंटरने दुसरा हप्ता मागितला. होय, मागितला! जीभ अजिबात चिकटली नाही.

“देते ना,” बाई म्हणाल्या. “दोघांनी मिळून बघायचंय ना? एवढे पेशंट होऊ देत. त्यात पहिले तुम्हीच आहात, चला.”

पेंटर खुर्चीत आडवा झाला. इंजेक्शन, ड्रिल, घरघर. मधेच घरघर थांबली. बाईंनी ड्रिल जागेवर ठेवलं, हातमोजे काढले आणि शांतपणे स्टुलावर बसल्या.

“आं?” पेंटर म्हणाला.

“अर्धं झालं. दुसरा हप्ता.”

पेंटरने खिसे चाचपले. एका खिशात रंगाचं फडकं, दुसऱ्यात खडू.

“हुमच्याहडून येणाऱ्या हप्त्याहून हापून घ्या!” तो कसाबसा म्हणाला.

“कापून घेता येत नाही. एका कामाचं दुसऱ्यात वळतं करायचं नाही. तुमचंच कलम आहे.”

पेंटर उघड्या तोंडाने बघत राहिला. ती हिंमत त्याने आयुष्यभर स्वप्नात पाहिली होती. हत्यार खाली ठेवायचं आणि गप्प बसायचं! सलूनवाल्यासमोर जमलं नव्हतं, स्टेशनरीवाल्यासमोर जमलं नव्हतं. आणि या बाई आवाज न चढवता, कपाळाला आठी न पाडता, अगदी सहज ते करून बसल्या होत्या. दाढेत भोक असूनही त्याला हात जोडावेसे वाटले.

मग बाईंनी त्याच्या तोंडात डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

“नाही हो, असं उघडं नाही ठेववत मला. दुखेल तुम्हाला.” त्यांनी भराभरा औषध भरून दाढेवर तात्पुरतं सिमेंट बसवलं. मग पर्स उघडली आणि पाच नोटा त्याच्या हातात ठेवल्या.

“हे हाय?”

“दंड. अर्धं काम झाकलं मी. करार मोडला.”

दाढेचा दुसरा हप्ताही नेमका पाच नोटांचाच होता. पेंटरने त्याच नोटा तशाच परत केल्या. बाईंनी पावती लिहून दिली! “उरलेली दाढ जेवणानंतर करू,” त्या म्हणाल्या. पेंटर खुर्चीतून उठला. आपण रागाच्या भरात लिहिलेला कागद असा आपोआप चालतो, याची त्याला आता जवळजवळ भीती वाटायला लागली.

तेवढ्यात बाहेर कोणीतरी किंचाळलं.

वेटिंग रूममध्ये एक चिमुरडी आजोबांच्या कोटात तोंड खुपसून रडत होती. पेंटरने दारातूनच भिंतीकडे पाहिलं. इतका वेळ तो नाक लावून जवळून रंगवत होता. लांबून बघतोय कोण! मगरीचे डोळे व्हायचे होते, हसू व्हायचं होतं, पक्षी व्हायचा होता. भिंतीवर होता तो फक्त एक अजस्र उघडा जबडा, आणि त्यात ते दात! इतके सुंदर, इतके खरे, की दाराजवळच्या दोन पोरांनी आयांना केव्हाच रस्त्यावर ओढत नेलं होतं.

“झाका हो ते!” आजोबा ओरडले.

“झाहता येत नाही, आजोबा. हलम आहे.”

“मग पुरं तरी करा!”

पुरं कसं करणार? बाई आत दुसऱ्या पेशंटकडे. हप्ता आलेला नाही. हत्यार खाली! पेंटरने हाताची घडी घातली. बाईंसारखं शांत बसून पाहिलं. पोरगी हुंदके देत होती. ती एकदा भिंतीकडे बघायची आणि पुन्हा कोटात शिरायची.

“अगं, चावत नाही ती,” पेंटर म्हणाला. “थांब, तिला डोळे देतो.”

ब्रश हातात कधी आला ते त्यालाच कळलं नाही. दोन गोल डोळे आले, त्यांत खट्याळ चमक आली. ओठांची कड वर वळली. शेवटी जिभेवर पक्षी उतरला, कमरेला टॉवेल गुंडाळलेला! पोरगी कोटातून बाहेर आली, नाक पुसलं आणि तिने पक्ष्याला विचारलं, “तिच्या तोंडाला वास येतो का रे?”

बाई दारात उभ्या होत्या.

“सुंदर झालंय,” त्या म्हणाल्या. “पण पेंटरसाहेब, हप्त्याआधी काम पुढे नेलंत.”

“होय, मॅडम. मोडला हरार.”

बाईंनी दुसरा हप्ता दिला. पेंटरने त्यातून पाच नोटा दंड भरला. मग तिसरा हप्ता दिला. जेवणानंतर दाढ पुरी झाली, तिचा तिसरा हप्ता पेंटरने भरला. हिशोब दोघांचाही चोख! कोणी कोणाला एका नोटेचंही देणं नव्हतं. पेंटर रस्त्याने चालला तो देवळातून निघाल्यासारखा.

घरी पोचेपर्यंत त्याने भाषण तयार केलं होतं. पण दुसऱ्या इंजेक्शनने अर्धं तोंड लोंबत होतं आणि हनुवटीवरून लाळ गळत होती.

“बुडाले ना?” बायकोने दारातच विचारलं. “रडू नका आता. मी लावते भावाला फोन.”

पेंटरने घाईघाईने नोटांची गड्डी टेबलावर ठेवली. बायकोने मोजली. पुन्हा मोजली. नवऱ्याकडे तिने असं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

“सगळे? वेळेवर?”

पेंटरला आता महत्त्वाचं सांगायचं होतं. त्याने तीन बोटं वर केली.

“अगं बाई! अजून तीन भिंती?” बायको फोनकडे धावलीच. “अरे, ऐकलंस का? हे काही तुझ्या दुकानात येत नाहीत! तीन मोठी कामं हातात आहेत म्हटलं!”

पेंटरने तिचा पदर ओढला. ती हात झटकत राहिली. शेवटी त्याने अंगठ्याने गाल बाजूला ओढला आणि आतली एकेक किडलेली दाढ बोटाने दाखवली. एक. दोन. तीन.

बायको वाकली. तिने नीट आत पाहिलं. मग टेबलावरच्या गड्डीकडे पाहिलं. फोनमध्ये भाऊ हॅलो हॅलो करत होता.

“थांब रे जरा,” ती म्हणाली. “दुकान सकाळी किती वाजता उघडतोस? … हो, येतील. अर्धा दिवस, दाढा होईपर्यंत. … पगार? पगार महिन्याच्या शेवटी नाही चालायचा. तीन हप्ते. पहिला आधी. … अरे सख्खा भाऊ असलास म्हणून काय झालं? कागद पाठवते, पान उलटून वाच आणि सही कर!”

पेंटर उघड्या तोंडाने बायकोकडे बघतच राहिला. तसंही ते मिटत नव्हतंच.