म्हात्रेकाकांचं आठवं पेर

कोणी नाव सांगितलं की म्हात्रेकाकांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून चालायला लागायचा. इंग्रजी अक्षरं मोजत. आठव्या पेरावर अंगठा थांबला की नाव संपलं. माझं नाव चंद्रशेखर. पहिल्याच दिवशी काकांनी मोजलं आणि निकाल दिला, "चंद्रास. आठाच्या पुढं मशीन बैरी हाय, ऐकतच नाय."

झालं. चहावालाही मला चंद्रास म्हणायला लागला.

आमचं ऑफिस पनवेलच्या एस.टी. स्टँडसमोर, मिठाईच्या दुकानावर. कागदावरचे नकाशे कॉम्प्युटरात घालायचं काम. एसी होता, पण कॉम्प्युटरसाठी. आम्ही चपला बाहेर काढून, देवळात शिरल्यासारखे आत जायचो. आणि त्या देवाला फाईलचं नाव असो की नकाशावरच्या गावाचं, आठ अक्षरांच्या वर चालायचं नाही.

काका जुने ट्रेसर. आयुष्यभर शाईने नकाशे गिरवलेले. आता टेबलावर नकाशा चिकटवून माऊससारखं यंत्र रेघेवरून फिरवायचे, की रेघ स्क्रीनवर. गावांची प्रतवारीही त्यांनी अक्षरांवरच लावलेली. रोडपाली लाडकं. इंग्रजीत 'रोड'मधला ए धरून बरोबर आठ. "गाव असावा तर असा. बापजाद्यांनी मोजून नाव ठेवलाय." पळस्पे सातात बसायचं, म्हणजे गरीब पण समाधानी. करंजाडे नऊ. "एका अक्षरानं गेला बिचारा," असं इतक्या दुःखाने म्हणायचे की वाटावं, गाव दहावीत नापास झालंय.

काकांच्या भाचीला ज्ञानेश्वर नावाचं स्थळ आलं तेव्हा सगळ्यांनी पगार विचारला. काकांनी पेरं मोजली. "पोरगा चांगला हाय. पण बसत नाय."

आमचे प्रधानसाहेब मात्र पसरट माणूस. जिल्ह्यात तालुका, तालुक्यात सर्कल, सर्कलात गाव, गावात शीट, अशा डिरेक्टरीत डिरेक्टऱ्या कोंबायचे. पत्ता इतका लांबायचा की प्रोग्रॅम म्हणायचा, फाईलच नाही. साहेब कॉम्प्युटरवर ओरडायचे. मग काका यायचे आणि एक कमांड मारून त्या लांबलचक पत्त्याला एकच अक्षर द्यायचे. पी म्हटलं की थेट आतल्या शीटवर. "पुढच्या दारानं सगल्यांना रामराम करत कशाला जायाचा? मागचा दार हाय ना."

मी हे सगळं साभिनय करून दाखवायचो. अंगठा, मान, "बैरी हाय", सगळं. एकदा ऑफिस पोट धरून हसत होतं आणि काका माझ्या मागेच उभे. म्हणाले, "आवाज जमला. अंगठा चुकला. करंगळीपासून मोजायचा."

एका शनिवारी डिस्क भरली. सोमवारी काम द्यायचं होतं. काका खाली चहाला गेलेले. साहेबांनी केबिनमध्ये जाता जाता स्क्रीनवरच्या एका अक्षराकडे बोट दाखवलं, "हा झेड कशाचा? कामाचा नसेल तर उडव."

झेड हेही काकांचंच एक मागचं दार, आणि त्याला हात लावायचा नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. म्हणून मी आधी उघडून बघितलं. आत एकच नकाशा. खाडी, बांध, होड्या लावायची जागा आणि दाटीने घरं. आमच्या कुठल्याच कामात नसलेलं गाव. आणि प्रत्येक घरावर नाव. आठात कापलेलं नाही, अख्खं. तेही मराठीत, जे त्या प्रोग्रॅमला येतच नव्हतं. मी जवळ जाऊन बघितलं. ती अक्षरं नव्हतीच. रेघा होत्या. नाला गिरवावा तसं एकेक नाव गिरवलेलं.

काका कधी आले कळलं नाही. "आमचा पाडा," ते हळूच म्हणाले. "भराव पडला, घरा उठली. कोन कुठं गेला, धड ठावं पन नाय. नाव लिवला तर मशीन कापते रं. रेघ कितीबी लांब चालते."

"उडवलंस का रे?" आतून साहेब.

डिरेक्टरी उडवायची कमांड काकांनीच मला शिकवली होती.

"साहेब, प्लॉटरचं पेन सुकल्यासारखं वाटतंय," मी म्हटलं. "उडवायच्या आधी ह्याच्यावरच टेस्ट काढतो."

"काढ. पण रद्दी कागदावर."

रद्दी कागद आम्हाला सापडलाच नाही. चांगला अख्खा शीट लावला. प्लॉटरचं पेन खरखरत खाडी काढून गेलं, बांध काढला आणि मग घराघरांवर थांबून नावं लिहायला लागलं. काका वाकून बघत होते. खाडीकडच्या शेवटच्या घरावर पेन टेकलं. ना. गू. बा. य. काकांचा अंगठा करंगळीवरून निघाला.

"आय माजी," ते म्हणाले.

पेन लिहीत होतं. नागूबाय पांडुरंग म्हात्रे. अंगठा आठव्या पेरावर आला आणि तसाच पुढे गेला.