आपोआप बसणारी कडी

पाणीपुरवठा कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे बसणाऱ्या कारकुनाला सगळे ‘सेनापती’ म्हणत. लढाई सोडाच, या गृहस्थांनी कधी रांगेत घुसणाऱ्यालाही हटकलं नव्हतं. पण गेली अकरा वर्षं ते राक्षस आणि जादूच्या तलवारींची एक जाडजूड कादंबरी लिहीत होते, आणि तिच्यातला नायक पानापानावर मुडदे पाडत होता.

ती अखेर एका संपादक बाईंनी वाचली. (सगळी वाचली, हेच खरं शौर्य.) मग त्यांचा फोन आला.

"राक्षस पटले, जादूही पटली. चिलखत काही पटलं नाही. तुमचा नायक अंगभर लोखंड घालून नदी पोहतो, झाडावर चढतो, वर नाक खाजवतो! शिरस्त्राणाच्या आत हात जातो कुठून?"

"अं... बघून सांगतो."

"बघाच. रविवारी पाचला येते. लढाईचं प्रकरण पटलं तर छापू, नाहीतर बाड परत."

अकरा वर्षं! सेनापतींना बाड परत येताना दिसू लागलं. पण त्याहून जास्त छळलं ते त्या नाकाने. खरंच की, हात जातो कुठून? त्यांनी ठरवलं, आपण घालूनच बघायचं.

गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या पेट्या करणारा कारागीर होता. त्याने गंभीरपणे माप घेतलं.

"आत काय ठेवणार?"

"मी स्वतः."

"मग पत्रा जाड घेऊ."

चार दिवसांत माल तयार झाला. पुढून अखंड, पाठीवर मिटणारं चिलखत आणि डोळ्यांपुरती फट ठेवलेला डबा. पाठीवर दोन कड्या. "आमची कडी आपोआप बसते," कारागीर अभिमानाने म्हणाला. "आतून कोणी उघडून दाखवावी!"

रविवारी बायको बहिणीकडे गेली आणि सेनापतींनी चिलखत चढवलं. डोक्यावर डबा घातला, पाठ भिंतीला टेकली. खट्, खट्! कड्या बसल्या. काय रुबाब! तेवढ्यात नाक खाजलं.

हात वर गेलेच नाहीत. काखेत पत्रा अडला. टेबलावरची पेन्सिल कशीबशी तोंडाकडे नेली, तर ती फटीतून आत पडली. आता नाक खाजत होतं आणि हनुवटीला पेन्सिल टोचत होती. ती झटकायला वाकले, तर गळपट्टी रुतली. दचकून मागे सरले, स्टूल आडवं आलं आणि सेनापती धाडकन उताणे पडले.

पाच वाजता बेल वाजली.

"अहो, दार उघडा!" बायकोचा आवाज. "संपादक बाई जिन्यात भेटल्या. माझी किल्ली आतच राहिलीये."

"मला उठता येत नाहीये!"

"तक्रार लिहून घेतली आहे," बायको म्हणाली. (नवऱ्याच्या तोंडून पंधरा वर्षं ऐकलेलं खिडकीवरचं वाक्य, तिने तरी किती दिवस साठवायचं?) "आता उठा."

सेनापती पाठीवरच सरकत निघाले. वाटेत खुर्ची पडली, मग फुलदाणी.

"आत भांडी पडतायत का हो?" बाईंनी विचारलं.

"छे, आमचे हे लिहितायत."

शेवटी पडद्याची दांडी हाती लागली. त्या दांडीने त्यांनी पडल्या पडल्या दाराची कडी ढकलली आणि दार उघडलं. बाई तशाच जमिनीवर बसल्या, वही काढली. "किती वेळ झाला? कुठे टोचतंय? श्वास पुरतो का?"

"नाक! आधी नाक!"

बायकोने केसातला आकडा काढून फटीतून घातला.

"डावीकडे. अगं, डावीकडे! हां... देव तुझं भलं करो."

मग तिने त्यांना कुशीवर वळवलं आणि दोन चापट्यांत दोन्ही कड्या उघडल्या.

"हेच लिहा," बाई म्हणाल्या. "आठवडा देते."

सेनापतींनी जसंच्या तसं लिहिलं. नायक रणांगणात उताणा पडतो, त्याची बायको धावत येते, वगैरे. पुढच्या रविवारी फोन आला.

"अगदी पटलं. छापतोय! एकच बदल. नायक आता ती."

"आणि माझा नायक?"

"राहू दे की. तो पडला नाही तर ती सोडवणार कोणाला?"

अकरा वर्षांचं चीज झालं म्हणून रडावं की हसावं, सेनापतींना कळेना. बायको मात्र चपला घालत होती.

"मीही माप देऊन येते. कड्या मात्र पुढून लावायला सांगेन हं. मला सोडवायला घरात आहे कोण?"

सेनापतींनी हीही तक्रार लिहून घेतली.