तात्यांची पांढरी भिंत

शेजारचे तात्या शिंकण्याआधीही दोन्हीकडे बघतात. परका माणूस दिसला तर शिंक गिळतात. "देशाची मान खाली जाईल," म्हणतात. भिंगारला लष्कराच्या कचेरीत शिपाई होते, तेव्हापासून सगळा देश त्यांच्याच खांद्यावर आहे.

मला तर चारचौघांत बोलायचीच भीती. त्यात जामखेडजवळच्या आमच्या गावात पिक्चरवाले आले. आपला देश आणि एक परदेश मिळून पिक्चर काढणार होते. सरकारी साहेब म्हणाले, "जगभर दाखवणार. बघून लोकांना आपला देश आपलासा वाटेल." तेवढ्यावर तात्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

"सूनबाई, तोफेनं हुत न्हाई ते पिक्चरनं हुतं. आन् त्यात आपली भिंत दिसनार!"

त्यांच्या भिंतीवर मी गोवऱ्या थापते. शूटिंगच्या आदल्या दिवशी ते खराटा घेऊन आले. "परदेशाला श्यान दाखवायचं व्हय?" नाही म्हणायचा धीर मला झाला नाही. दोघांनी भिंत खरवडली, वर चुना मारला.

सकाळी पिक्चर काढणाऱ्या परदेशी बाईंनी भिंत पाहिली आणि मटकन ओट्यावर बसल्या. साहेब ओरडले, "गोवऱ्यांचा फोटो बघून तर त्यांनी हे गाव घेतलं! आता जातील दुसऱ्या देशात. कोणी केलं हे?"

माझ्या बोटांना चुना होता. हात पदरात लपवले. पोलीस येतील, दोन सरकारांनी ठरवलेलं माझ्यामुळे मोडेल, असं वाटलं.

तात्या ताठ उभे राहिले. "म्या केलं, सायेब. ही न्हवती."

बाईंनी काहीतरी विचारलं. साहेबांनी सांगितलं, "एखादी तरी उरली का, म्हणतात."

तात्या घरात गेले आणि देव्हाऱ्याखालून एक फडकं घेऊन आले. आत गोवरी होती. त्यांची बायको, आमच्या काकू, जाऊन दोन वर्षं झाली. गोवरीवर काकूंची पाची बोटं उमटलेली होती.

"चुलीत घालवंना," तात्या भिंतीकडे बघत म्हणाले. "बगा, पन मागू नका."

बाईंनी हात लावला नाही. नुसत्या बघत राहिल्या. मग साहेबांकडून निरोप आला: अशाच थापा, सुकेपर्यंत थांबतो.

मी शेण कालवलं. सगळे बघत होते. माझा हात उठेना. तात्या मागे येऊन उभे राहिले. आता पुन्हा देशाच्या मानेचा विषय काढतील, असं वाटलं.

"करंगळी जरा लांब ठेव," ते हळूच म्हणाले. "तिची तशी उटायची."