डावीकडं कंबरमोडी, उजवीकडं विज्ञान

रस्त्यात कुणी आपटलं, की बाकीची माणसं "अरे अरे" करत धावतात. आमच्या गावाचे किसनमामा "वा वा" करत धावतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. घोडेगावच्या स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पावसाळ्यात एकदा त्याच दुकानासमोर माझी मोटरसायकल चिखलावरून घसरली आणि मी गुडघ्यावर आलो. डोळे उघडून बघतो तर मामा समोर उकिडवे बसलेले. चेहऱ्यावर नातू झाल्याचा आनंद.

"लई छान सोललंय राव! रुंद हाय आन् उथळ हाय. अशी जखम नशिबानं मिळते."

मी म्हटलं, "मामा, आधी उठवा तरी."

"थांब, हलू नको. पाला आणतो."

स्टँडच्या भिंतीला, मोरीच्या कडेला, शेताच्या बांधावर एक झुडूप उगवतं. पानं खरबरीत. लांब दांडीवर एकच फूल, मधे पिवळं, कडेनं पांढरं. कुणी त्याला एकदांडी म्हणतं, कुणी दगडी पाला. आमच्याकडं कंबरमोडी. रानात विळा लागला, काटा घुसला, की लोक पाला चोळून त्याचा रस लावत आलेत. मामा भीमाशंकरच्या अंगाच्या डोंगरवाडीतले. त्यांच्या आईनं त्यांना लहानपणी इतकी कंबरमोडी चोळली की, मामा म्हणतात, "मी निम्मा हिरवाच व्हतो."

पण मामा नुसते पाला चोळणारे नव्हेत. त्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून नोकरी केली. परीक्षानळ्या धुता धुता सरांचं बोलणं कानावर पडलं, आणि एक गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली: कुठल्याही प्रयोगात तुलनेसाठी एक भाग मोकळा सोडायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती गोष्ट गावाच्या कातडीवर वापरायला घेतली.

खिशातून बॉलपेन काढून त्यांनी माझ्या गुडघ्यावर मधोमध रेघ मारली. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांची हद्द आखावी तशी. मग एका बाजूला पाल्याचा लगदा थापला आणि दुसरी बाजू तशीच उघडी ठेवली.

"डावीकडं कंबरमोडी," मामा म्हणाले, "उजवीकडं विज्ञान."

"आणि विज्ञानाच्या बाजूला आग होतेय त्याचं काय?"

"विज्ञानाला सोसावं लागतं."

एक मात्र खरं, जखम खोल असली तर मामा हात लावत नाहीत. "ही आपली न्हाई, ही डॉक्टरची," म्हणून माणसाला स्वतः दवाखान्यात नेऊन सोडतात. पण परतताना जरा नाराज असतात. हातातला पेशंट गेल्यासारखे.

कंबरमोडी या नावानंही मामांचा कमी छळ केलेला नाही. लोणीहून आलेली एक म्हातारी त्यांना बाजारात हटकून म्हणाली, "भाऊ, माझी कंबर लई मोडलीय, तुमची ती कंबरमोडी द्या की."

मामा म्हणाले, "मावशी, ती कंबर मोडत न्हाई आन् जोडतबी न्हाई."

"मंग नाव कशाला ठिवलं?"

उत्तराची वाट न बघता म्हातारीनं त्यांच्या हातातला पाला घेऊन पिशवीत टाकला आणि कंबर लचकवत निघून गेली.

मामांचा लाडका पेशंट म्हणजे जुन्नरचे सलीमभाई. पत्र्याचे डबे, चाळण्या करतात. पत्रा कापायचा म्हणजे बोटाला काही ना काही लागायचंच. मामा दर बाजाराला एसटीनं जुन्नरला जायचे. "सोन्यासारखा माणूस," म्हणायचे, "कदी रिकाम्या हातानं परत पाठवत न्हाई."

औषधापेक्षा त्रास पुढचा होता. जखम झाली की मामा रोज पाहणीला घरी येत. माझ्या गुडघ्यासाठी आले, आईनं बोट कापून घेतलं तेव्हाही आले. यायचे, चहा घ्यायचे, पट्टी सोडायचे, "हं" म्हणायचे. मग आईशी भाताचं, पावसाचं, गावातल्या लग्नांचं बोलायचे. पुन्हा पट्टी बांधायचे. माझ्या गुडघ्याची खपली पडून नवी कातडी आली, तरी मामा येतच होते. मी म्हणालो, "मामा, बरं झालंय."

"तुला काय कळतंय? बरं झालंय ते वरून."

यंदा गावात रानभाज्यांचं आणि औषधी वनस्पतींचं प्रदर्शन भरलं. पुण्याहून वनस्पतीशास्त्राच्या एक प्राध्यापिका येणार होत्या, आणि मामांना "माझा अभ्यास" या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मामांनी शाळेतला जुना पांढरा कोट माझ्या आईकडून इस्त्री करून घेतला. प्रात्यक्षिकासाठी सलीमभाईंना खास जुन्नरहून बोलावलं.

सलीमभाई आले ते दहाही बोटं धडधाकट घेऊन.

मामांचा आवाज चढला. "आजच्या दिवशी तरी, सलीमभाई!"

"काय करू मामा?" सलीमभाई ओशाळले. "तुमच्या कार्यक्रमाची काळजी व्हती. आठवडाभर लई जपून काम केलं."

मामा माझ्याकडं वळले. मी हात खिशात घातले. पहिल्या रांगेत बसलेल्या पोरांच्या गुडघ्यांवरून त्यांची नजर फिरली, तसे त्यांच्या आयांनी पाय झाकून घेतले.

पण देव मामांच्या बाजूनं होता. प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या एका टोमॅटोच्या बागायतदारांनी फीत कापली आणि फितीबरोबर अंगठाही जरासा कापला. ते "स्स" म्हणेपर्यंत मामा तिसऱ्या रांगेतून स्टेजवर पोचलेले होते.

"हलू नका पावणं!"

पाहुण्यांना वाटलं सत्कार आहे. त्यांनी मान पुढं केली. मामांनी त्यांचा अंगठा धरला, बॉलपेननं रेघ ओढली, डावीकडं पाला पिळला आणि माइक हातात घेऊन थेट भाषणच सुरू केलं. प्राध्यापिकाबाई आधी तोंड दाबून हसत होत्या. मग मात्र मन लावून ऐकायला लागल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "मामा, इतकी वर्षं करताय, तर निकाल काय आला?"

मामा घसा खाकरून म्हणाले, "दोन्ही बाजू सारक्याच बऱ्या झाल्या. लावलेली बी आन् न लावलेली बी."

मांडवात हशा पिकला.

"हसू नका," मामा म्हणाले. "लई वाटत व्हतं फरक दिसावा. दिसला न्हाई. जे दिसलं ते सांगितलं."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पाहुण्यांचा अंगठा आपल्याकडं वळवला. पाल्याचा हिरवा रस रेघ ओलांडून पलीकडं गेला होता, मनगटापर्यंत ओघळला होता.

"मामा, हे बघा. तुमची मोकळी बाजू कधी मोकळी नव्हतीच. रस तुमच्या रेघेला जुमानत नाही."

मामा वाकून बघत राहिले.

"या वनस्पतीवर प्रयोगशाळांत काम झालंय," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "उंदरांच्या जखमांवर करून पाहिलंय, त्यात आशा वाटावी असं दिसलंय. माणसांच्या बाबतीत मात्र डॉक्टरांना बरोबर घेऊन नीट करायला हवं. एकाच माणसाचे दोन भाग करून चालत नाही. एका माणसाला पाला, दुसऱ्याला साधी पट्टी. म्हणजे पहिल्यापासून सगळं."

सलीमभाईंनी माझा हात धरला. मला मामांच्या तोंडाकडं बघवेना.

"पयल्यापासून?" मामांनी विचारलं. "म्हंजे परत सगळ्यांच्या घरी रोज जावं लागंल?"

"हो. आणि माणसंही दुप्पट लागतील."

मामांचा चेहरा असा उजळला, की बाईच गोंधळल्या.

"जाईन की!" ते म्हणाले. "त्यात काय एवढं? जाईन की मी!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवू शकलो नाही. मामी जाऊन काही वर्षं झाली, दोन्ही मुली लांब दिल्यात. संध्याकाळी दुकान बंद करताना स्टँडच्या पलीकडं मामांच्या घरात दिवा लागतो आणि टीव्ही बोलत असतो, तेवढंच. हे सगळं मला ठाऊक होतं. पण गावभर कुणी पडायची वाट हा माणूस कशासाठी बघतो, ते त्या दिवशी मांडवात कळलं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला आज कळलं व्हय? माझं बोट कवाच बरं झालं व्हतं. मीच म्हणायची, अजून ठणकतंय, उद्या या."

मग तिनं सूप खाली ठेवलं. "जा, बोलावून आण त्यांना जेवायला."

मामा आले ते पाल्याची पिशवी घेऊनच. दारात उभे राहून घरभर बघू लागले. "कुणाला लागलं?"

"कुणालाबी न्हाई," आई म्हणाली. "जेवायला बोलावलंय. हात धुवा."

मामा तसेच उभे राहिले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग पिशवी दाराशी ठेवून ते मोरीकडं गेले.

मामा खाली मान घालून जेवत होते. आईनं दुसऱ्यांदा भात वाढला, तेव्हा घास हातात तसाच धरून ते म्हणाले, "हिनं खाल्ला असता तर म्हणाली असती, भात मऊ झालाय. कुणाच्याबी घरचा भात तिला मऊच लागायचा."

मामींबद्दल ते आमच्या घरात पहिल्यांदाच बोलत होते.

"मग?" आईनं विचारलं. "झालाय का मऊ?"

मामांनी घास खाल्ला, नीट चावून बघितला.

"झालाय जरा," म्हणाले, आणि ताट पुढं केलं.