सावरखिंडीचे हत्यारघर कैसे गेले, त्याची हकीकत

श्री विश्वकर्मा प्रसन्न. ज्याने माणसास बोटे दिली आणि बोटांस काम दिले, त्यास नमस्कार करून, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, या राज्यात हत्यारघरांची मंडळी कैसी उभी राहिली आणि ती उभी करिता कोणाचे काय गेले, ते वर्तमान जैसे ऐकिले तैसे लिहिले असे. राज्याचे नाव पुसू नये. नाव घेतले तर चार जण रुसतील आणि दोघे कज्जा करितील.

तर या राज्यात सावरखिंड म्हणोन कसबा. तेथे बंद पडल्या तेलघाण्याचे पत्र्याखाली शेवंताबाई खरादे आणि त्यांचे यजमान दत्तोबा यांनी हत्यारघर मांडिले होते. हत्यारघर म्हणजे तलवारी-भाल्यांचे कोठार नव्हे. सुतार, मिस्त्री ज्यांस हत्यारे म्हणतात ती, पटाशी, रंधा, करवत, पाना, हातोडी, आणि मधोमध दत्तोबांचे लेथ, म्हणजे लाकूड-लोखंड फिरवोन घडविण्याचे यंत्र, आणि अलीकडे कोणा दात्याने धाडिलेले एक अजब यंत्र, जे तप्त रसाचे सूत ओतून थरावर थर चढवी आणि बघता बघता पेला म्हणा, चाक म्हणा, उभे करी. येथे कोणीही यावे, शिकावे, आपली वस्तू आपल्या हाताने करावी, मोडली ती जोडावी, आणि चहा पिऊन घरी जावे. कोणी मिक्सरचे भांडे घेऊन येई, कोणी सासऱ्याची कुबडी, कोणी नुसतीच गप्पा मारावयास येई आणि जाताना पाट करून नेई. मग दत्तोबा कैलासवासी जाहले आणि बाईंनी घर तैसेच चालविले, कारण लेथ फिरू लागले की त्यांस यजमान आत आहेत ऐसेच वाटे. हे त्या कोणास सांगत नसत, परंतु सकाळी प्रथम लेथ चालू करीत आणि मग दार उघडीत.

या घरी एक रीत होती. दहाजण मिळोन काम करिता कोणास काही पटले नाही, तर त्याने हातचे हत्यार खाली ठेवावे आणि मुकाट बसावे. आपण होऊन बोलू नये. रागाचे भरात करवत चालविली की लाकूडही जाते आणि बोटही, ऐसे दत्तोबा म्हणत. मग बाकीच्यांनी हात थांबवोन त्यास पुसावे, "काय खटकले?" आणि त्याने सांगावे, आणि तोड निघेतो काम पुढे नेऊ नये. या रितीने घरात भांडण म्हणोन कधी जाहले नाही. इस्माईल मिस्त्री, वेल्डिंगचे कामात त्याचा हात धरील ऐसा कोणी नाही आणि तोंडाचा मोठा फटकळ, तोही हत्यार ठेवून गप्प बसे. यावरून रितीचा जोर किती, ते समजावे.

ऐशी घरे राज्यात ठिकठिकाणी होती, आणि एकेक मोडत चालली होती, डोंगराकडली तर सर्वांआधी. कोठे जागा गेली, कोठे वीज तोडिली, कोठे कुलूप लागले ते लागलेच. तेव्हा शेवंताबाईंचे मनात आले की सुटे सुटे राहून आपण सगळेच बुडणार. सकळ राज्याची एक धर्मादाय मंडळी करावी, तिने दात्यांस विनवावे आणि पडत्या घरास टेकू द्यावा. मग बाई लाल गाडीत बसोन गावोगाव हिंडल्या, आणि इस्माईल मिस्त्री बरोबर गेला, आणि वाटभर कुरकुरला की "बाई, या गाडीचे स्प्रिंगचे पाटे बदलल्याशिवाय मी परत बसणार नाही," आणि परत बसला. जेथे गेल्या तेथे बाईंनी आपली रीतही सांगितली, आणि ती लोकांस आवडोन त्यांनीही धरिली.

मग राजधानीत निळकंठपंत दिघवेकर वकील यांस गाठिले. हे पंत उमेदवारीचे दिवसांत सावरखिंडीस राहात असता संध्याकाळी हत्यारघरी येत, रंधा मारीत, आणि दत्तोबांचे तोंडच्या शिव्या खात. बाई त्यांस निळबा म्हणत. पंतांनी मनावर घेतले, मोठमोठ्यांचे उंबरे झिजविले, आणि एक थोर धनवंत गृहस्थ अध्यक्षपदास राजी केले. यांस सर्व लोक साहेब म्हणत. साहेब मनाचे वाईट नव्हते. वाईट असते तर लिहिणे सोपे जाते.

मग राजधानीत स्थापनेची सभा भरली. प्रत्येक घराने आपले एक हत्यार हाती घेऊन यावे ऐसे ठरले होते. बाईंनी दत्तोबांची पटाशी नेली, इस्माईलने हातोडी. गालिचे, हार, ध्वनिक्षेपक, सगळा थाट. एकेक कलम वाचिले जाई आणि टाळ्या होत, आणि बाईंचे डोळे भरून येत की हे दत्तोबांनी पाहावयास हवे होते. आणि मग साहेबांनी आपण होऊन एक कलम घातले, की ज्या घरी दाखला मिळविलेला उस्ताद नाही, ते घर मंडळीने बंद करावे आणि त्याची हत्यारे राजधानीचे थोरले हत्यारघरी आणावी. साहेब म्हणाले, "उद्या कोणाचे बोट गेले, तर जबाब कोण देणार? मला लोकांची काळजी आहे हो." खरेच होती.

शेवंताबाईंनी कलम पुरते ऐकिले. त्यांपाशी दाखला कोठला? त्या शिकल्या दत्तोबांचे शेजारी उभ्या राहोन. तेव्हा बाई पुढे जाहल्या आणि पटाशी गालिच्यावर ठेविली, आणि मुकाट उभ्या राहिल्या. इस्माईलने हातोडी ठेविली. मग ज्या ज्या गावी बाई हिंडल्या होत्या त्या गावच्या लोकांनी पाने, करवती, कानशी आणोन तेथेच ठेविल्या. आणि बाई वाट पाहू लागल्या की आता कोणी पुसेल.

हाय हाय! काय सांगावे! साहेब उठले आणि हात जोडोन म्हणाले, "वाहवा! सर्वांनी हत्यारे खाली ठेविली. मंडळीपुढे मान तुकविली. ऐसी एकी मी जन्मात पाहिली नाही." आणि कारकुनाने लिहिले, एकमते मंजूर. त्यांचे शास्त्रात हत्यार खाली ठेवणे म्हणजे शरण येणे. यांचे घरी त्याचा अर्थ नाही म्हणणे. बाईंनी पंतांकडे पाहिले. साऱ्या व्यासपीठावर ती रीत ठाऊक असलेला एकच माणूस, आणि तो चष्मा पुशीत होता. पुशीतच राहिला. बाईंनी शेवटी तोंड उघडिले, "अहो, आमची याला ना आहे," तो सनई लागली, आणि कोणी त्यांचेच हाती पेढा ठेविला.

सभा उठल्यावर जिन्यात बाईंनी पंतांस गाठिले. म्हणाल्या, "निळबा, तू का नाही पुसलेस रे?"

पंत म्हणाले, "पुसले असते तर साहेब उठोन गेले असते, बाई. मंडळीच मोडली असती."

"आणि माझे घर?"

"अजून हाती आहे. धर्मादाय दफ्तरी जाऊन सांगा की आमची संमती नव्हती. मी साक्ष देईन. परंतु मग सगळे प्रथमपासून. तोवर डोंगराकडली घरे तगत नाहीत, हे तुम्हांस माझ्याहून ठाऊक."

इस्माईल म्हणाला, "बाई, सांगून टाका. बुडू देत सगळे. आपले आधी बघा." बाई पायरीवर बसल्या. त्यांस ती घरे आठवली. जेथे जेवल्या, जेथे कोणी निजावयास सतरंजी दिली, जेथे एका म्हाताऱ्याने हात धरून म्हटले की बाई, एवढे वाचवा. मग बाई उठल्या आणि म्हणाल्या, "चला, गाडी चुकेल." दफ्तरी गेल्या नाहीत. इस्माईल गाडीत एक शब्द बोलिला नाही, पाट्यांविषयीही नाही.

पुढे मंडळीचा शिक्का मोर्तब जाहला, आणि सावरखिंडीस टेंपो आला. हमालांनी आधी किरकोळ हत्यारे नेली, मग ते रसाचे यंत्र, मग लेथ. लेथ उचलिता बाई म्हणाल्या, "हळू रे, त्याचे डावीकडले पाऊल जरा कमजोर आहे," आणि टेंपो वळणाआड जाईतो उभ्या राहिल्या, आणि मग आत येऊन जेथे लेथ होते तेथे भुईस तेलाचा डाग होता, त्यावर बसोन रडल्या. इस्माईल बाहेर पत्र्यास टेकोन उभा होता. तो आत आला नाही. आता सकाळ उजाडली म्हणजे बाईंस काय करावे ते कळेना. हात आपोआप बटणाकडे जाई आणि भिंतीवर नुसती भोके.

मंडळी मात्र नामी चालली. डोंगराकडली घरे तगली, कोठे छप्पर आले, कोठे नवे यंत्र, आणि जेथे तेथे लोक शेवंताबाईंचे नाव घेत. वर्ष फिरल्यावर निळकंठपंत शालजोडी घेऊन सावरखिंडीस आले, की मंडळीने बाईंचा सत्कार योजिला आहे. बाईंनी चहा केला. इतक्यात शेजारची बाळंतीण आली, की पाळण्याची कडी निखळली, बाई, जरा ठोकून देता का? बाईंनी घरात पाहिले. ठोकावयास घरात वरवंटा होता. त्याने ठोकू गेल्या तो कडी वाकडी जाहली आणि लाकूड चिरले, आणि बाईंचे तोंड कसनुसे जाहले. बाळंतीण म्हणाली, "असू दे बाई, मी झोळी बांधीन," आणि गेली.

मग बाई पंतांस म्हणाल्या, "शाल राहू दे, निळबा. मंडळीकडून एक हातोडी मिळेल का मला?"

पंतांनी कप खाली ठेविला. मंडळीची बाकी कलमे त्यांचेच हातची. मग हळू म्हणाले, "मंडळी घरास साह्य करते, बाई. माणसास करिता येत नाही. घर असते, तर लगेच पाठविली असती."

"घर तर तुम्हीच नेलेत की रे," बाई म्हणाल्या. रागाने नव्हे, पंतांस कळावे म्हणोन सांगितले. आणि उठोन त्यांचे कपात आणखी चहा ओतिला.

येणेप्रमाणे हत्यारघरांची मंडळी स्थापन जाहली. ती आजही आहे, तिचे बरे चालिले आहे, आणि तिचे हातून पुष्कळ घरे उभी आहेत. सावरखिंडीस हत्यारघर नाही. जाणत्यांनी चुकले असेल ते सांभाळोन घ्यावे. लेखन पुरे जाहले.