कडेची माणसं

शकुमावशीच्या अंगणात प्रदीप सकाळपासून टेप घेऊन मापं काढत होता, आणि अंगण काही केल्या वाढत नव्हतं. घराच्या पायरीपासून समोरच्या नव्या सोसायटीच्या भिंतीपर्यंत सोळा फूट. त्यातून ट्रायपॉड आणि त्याच्या मागे उभा राहणारा प्रदीप वजा करता उरले तेरा. एवढ्या अंतरावरून तेवीस माणसांची एकच लांबलचक रांग फोटोत बसवायची होती.

दोन रांगा केल्या असत्या तर पाच मिनिटांचं काम. पण मावशीचे दोन मुलगे, निवृत्तीभाऊ आणि बबनभाऊ, कान्हे गावात भिंतीला भिंत लावून राहत आणि नऊ वर्षं एकमेकांना जयभीमसुद्धा घालत नसत. कारण एक पत्रिका. बबनभाऊंच्या गौरवच्या लग्नात थोरल्या निवृत्तीभाऊंचं नाव पत्रिकेत दुसरं छापलं गेलं, आणि त्यापुढचं 'माजी ग्रामपंचायत सदस्य' छापायचंच राहिलं. आता आईच्या फोटोसाठी दोघं तयार झाले होते, पण अट घालून. एक या टोकाला, एक त्या टोकाला, मध्ये सगळं खानदान. मागच्या रांगेत कुणीही उभं राहणार नाही, आणि फोटो घरच्या अंगणातच.

फोटोची घाई मावशीच्या डोळ्यांमुळे होती. काचबिंदू. तळेगावच्या डॉक्टरांनी भाचा म्हणून प्रदीपला बाजूला घेऊन सांगितलं, की कडेकडेचं दिसणं आधी जाईल, मग मधलं. मावशीने ते दाराआडून ऐकलं.

"मंग डोळं हाईत तवर दोन्ही पोरं एका फोटूत दाव मला," ती म्हणाली. "दारायवढा फोटू कर. नाक लावून बघीन."

दाराएवढा फोटो स्वच्छ यायचा तर प्रदीपचा लाकडी कॅमेराच हवा, तळहाताएवढी एकेक फिल्म घेणारा. पण त्याची नव्वद मिलिमीटरची लेन्स बारा माणसांतच दमत होती. पासष्टची फार तर सतरा घेतली असती. आकडा जितका लहान तितकी लेन्स रुंद बघते, तेवीस जणांना सत्तेचाळीसची लागेल, हे त्याने निवृत्तीभाऊंना समजावून पाहिलं.

"म्हंजी नव्वदची सोडून सत्तेचाळीसची आननार?" निवृत्तीभाऊंनी डोळे बारीक केले. "आन् ती कमी पडनार ती कुनाच्या बाजूला?"

घरी अनघा नवऱ्याला म्हणाली, "अहो, त्या दोघांना आत सरकवून दोन रांगा करा ना. आहे तीच लेन्स पुरेल."

"त्यापेक्षा लेन्स शोधणं सोपं आहे," प्रदीप म्हणाला, आणि दोन महिने त्याने तेच केलं. सत्तेचाळीसच हवी की अठ्ठावन्नही चालेल, यावर तो जेवताना ताटात बोटाने आकृत्या काढी. तिकडे मावशी कप उचलताना शेजारचा तांब्या पाडायला लागली होती. अखेर मुंबईच्या एका म्हाताऱ्या छायाचित्रकाराने सत्तेचाळीसची लेन्स उसनी दिली. "ही लहान फिल्मसाठी आहे हं, तुमच्या मोठ्या फिल्मच्या कडा सांभाळा," तो म्हणाला. प्रदीपने मान डोलावली. आनंदात माणूस कशालाही मान डोलावतो.

रविवारी रांग लागली आणि दोघा भावांनाही उजवी बाजू हवी झाली.

"उजवी म्हणजे मावशीची की फोटोची?" प्रदीपने विचारलं, आणि तंटा अचानक मिटला. निवृत्तीभाऊंनी आईची धरली, बबनभाऊंनी फोटोची.

तरी निवृत्तीभाऊंनी काळ्या कापडात डोकं घालून खात्री करून घेतलीच. असल्या कॅमेऱ्याच्या काचेवर सगळं उलटं दिसतं. टोकाकडे निघालेले बबनभाऊ अजून रांगेच्या मध्येच होते, पाय वर करून लटकत.

"ब्येस," निवृत्तीभाऊ बाहेर येऊन म्हणाले. "त्येला आसंच ऱ्हाऊ दे." मग बबनभाऊ आत गेले आणि तितकेच तृप्त होऊन बाहेर आले.

शेवटी दोघं आपापल्या टोकाला गेल्यावर प्रदीपने पाहिलं. कडा अंधाऱ्या होत्या. पण रुंद लेन्स लावली की कॅमेऱ्याची काच कडेला अंधारीच दिसते, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. त्याने सगळ्यांना मोबाईल खिशात ठेवायला लावले, दोन फिल्म काढल्या, आणि दुसऱ्या दिवशी लेन्स परतही पाठवून दिली.

फोटो छापून आला तेव्हा मध्ये मावशी होती, तिची सुरकुती न् सुरकुती मोजता येईल अशी. दोन्ही बाजूंना सुना, नातवंडं, पतवंडं. आणि दोन्ही टोकांना, जिथे मुलगे असायला हवे होते, तिथे काळं. बबनभाऊंचं कोपर तेवढं आलं होतं. दुसऱ्या फिल्मवर तेही नव्हतं. प्रदीपला चार दिवस अन्न गोड लागलं नाही. मावशीचा रोज फोन येत होता. पाचव्या दिवशी तो सगळं कबूल करायचं ठरवून कान्ह्याला गेला.

पण मावशीने फोटोची गुंडाळी हातातून ओढूनच घेतली आणि खाटेवर पसरली. खाटेच्या या अंगाला एक मुलगा उभा होता, त्या अंगाला दुसरा. कागदाला नाक लावून ती सरकत गेली. "ही तेजल. ह्यो गौरव..." टोकाला येऊन ती थांबली. दुसऱ्या टोकाला गेली. तिथेही थांबली.

"गेलं," ती म्हणाली. "डाक्तर म्हनला तसंच. कडंचं गेलं रं."

प्रदीपने तोंड उघडलं, पण मावशी आधी बोलली.

"निवऱ्या, तू हाईस ना हितं?"

निवृत्तीभाऊ वाकले. त्यांनी ते काळं पाहिलं, मग प्रदीपकडे पाहिलं. प्रदीप फरशीकडे बघत होता.

"हाय की, आये."

"आन् बबन्या?"

नऊ वर्षांत त्या नावाला निवृत्तीभाऊंनी सरळ उत्तर दिलं नव्हतं. "त्योबी हाय."

"कसा दिसतुय?"

फोटोत बघण्यासारखं काहीच नव्हतं. निवृत्तीभाऊंनी मान वर करून खाटेपलीकडे पाहिलं. "वाळलाय," ते हळूच म्हणाले. "गळा पार बारीक झालाय."

"आन् निवऱ्या कसा दिसतुय रं, बबन्या?"

"म्होरला दात पडलाय त्येचा," बबनभाऊ म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला. "लय म्हातारा दिसतुय."

प्रदीपला भरून आलं. हे इथेच सोडून निघून जावं, असं त्याला फार वाटलं. पण मावशी उरलेले दिवस डोळे गेल्याचं दुःख करत बसली असती, आणि ते त्याला सोसवलं नसतं.

"मावशी, तुझे डोळे नाही गेले. माझी लेन्स चुकली. हे दोघं फोटोत आलेच नाहीत."

मावशीने फोटो मांडीवर ओढून घेतला.

"आलंच न्हाईत?"

"नाही."

"मंग गळा बारीक झालाय, दात पडलाय, ह्ये कुटं बघून सांगिटलं ह्यांनी?"

बबनभाऊंचा हात आपल्या गळ्याकडे गेला. निवृत्तीभाऊंनी तोंडावर हात धरला.