बस लेट, बाबूजी टायमावर

मधुकरराव बाबूंनी एकतीस वर्षांच्या नोकरीत एकही लेट मार्क खाल्ला नव्हता, पण हे पुण्य त्यांच्या एकट्याचं नव्हतं. त्यात रूपराव शिपायाच्या स्टुलाचा मोठा वाटा होता.

तळेगावहून आर्वीला येणारी एसटी रोज हमखास वीस मिनिटं उशिरा यायची. बाबूजी, टायपिस्ट शोभाबाई आणि रूपराव हे तिघंही त्याच गाडीचे. जिनिंग संस्थेच्या ऑफिसात पाऊल टाकलं की रूपराव आधी स्टुलावर चढायचा, भिंतीवरचं घड्याळ दहावर आणायचा, आणि मग तिघं मस्टरवर सह्या करायचे. संध्याकाळी तो पुन्हा चढून काटे वीस मिनिटं पुढे सरकवायचा, म्हणजे परतीची गाडी सापडायची. यात काही लबाडी आहे असं बाबूजींना कधीच वाटलं नाही.

"माणूस लेट नाई, बस लेट आहे," ते ठणकावून सांगायचे. "बसच्या पापाची शिक्षा माणसाले काऊन?"

पण २००४ साली, बाबूजींच्या रिटायरमेंटला महिना उरला असताना, संस्थेचे अध्यक्ष महादेवराव यांना एक दिवस वेळेवर ऑफिसात यायची दुर्बुद्धी झाली. स्टुलावर चढलेला रूपराव त्यांनी डोळ्यांनी पाहिला. पंधरा दिवसांत मस्टर कपाटात गेलं आणि हजेरी कॉम्प्युटरवर आली. "आता मशीन म्हणन ते खरं," अध्यक्षांनी जाहीर केलं.

मशीन सांभाळायला समीक्षा होती. आर्वीचीच मुलगी, नागपूरला शिकून आलेली. तिनं बाबूजींना समजावून सांगितलं.

"ह्या मशीनले लेव्हल असतात, बाबूजी. शून्यावर असली तं सगळं करू देते. एकवर नेली का हजेरीत लिहिता येते, खोडता येत नाई. दोनवर नेली का घड्याळ मागं घेता येत नाई."

"मंग शून्यावर ठेव ना माय."

"साहेबांनी दोनवर ठेवाले सांगतलं. अन् एकदा चढवली का उतरवता येत नाई."

"तुह्यापाशी सगळं उघडणारा, मालकाचा पासवर्ड आहे म्हंते ना?"

"मालकाचंबी ऐकत नाई ते. चालू आहे तोवर कोणाचंच नाई."

बाबूजींनी मशीनकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पाच अध्यक्ष पाह्यले आमी," ते म्हणाले. "याले बी पाहून घेऊ."

एकोणीस जुलैला मशीनवरची हजेरी सुरू झाली, त्याच दिवशी समीक्षा आठवड्याच्या ट्रेनिंगला नागपूरला गेली आणि लढाईला तोंड फुटलं. तिघं आत शिरले तेव्हा मशीनवर दहा वीस झाले होते. रूपरावानं सवयीनं स्टूल उचललं, पण चढणार कुठं? भिंतीवरच्या घड्याळाला आता कोणी विचारत नव्हतं. मग त्यानं मशीनचं बटणच बंद केलं. मशीन उठलं ते पुन्हा लेव्हल दोनवरच. पडलो तरी नाक वर, असा त्याचा खाक्या.

शोभाबाईंना ड्रॉवरमध्ये समीक्षाची चिठ्ठी सापडली. लोडशेडिंगनंतर घड्याळ मागे पडलं तर ते पुढे कसं करायचं, हे तिनं पासवर्डासकट लिहून ठेवलं होतं.

"पुढं जाते, मागं येत नाई," शोभाबाई म्हणाल्या. "आपल्या काय कामाचं?"

बाबूजींचे डोळे चमकले. "आमच्या घरी चावीचं घड्याळ होतं. त्याचे काटे मागं फिरवू नाई म्हणत. मंग बाबा काय करत? पुढं पुढं फिरवत पुन्हा दहावर आणत. टाका बाई, पुढचे दहा टाका!"

शोभाबाईंनी टाकले. मशीननं एका शब्दानं तक्रार केली नाही. बरोब्बर दहाला तिघांची हजेरी लागली.

"बाबूजी," शोभाबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "दहा वाजले खरे, पण मशीनवर वीस तारीख आली. आज तं एकोणीस आहे."

"मंग?"

"मंग एकोणीसले आपण कुठं होतो?"

"रजेवर," बाबूजी शांतपणे म्हणाले. "शिल्लक पडल्या आहेत रजा. उशीर म्हंजे डाग. रजा म्हंजे हक्क."

संध्याकाळी मशीन वीस मिनिटं मागे होतं, म्हणजे परतीची गाडी चुकणार. पण पुढे सरकवायला कोणाची मनाई होती? वीस मिनिटं सरकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवर पुन्हा दहा वीस. पुन्हा एक दिवस ढकलला. असं करता करता तळेगावची माणसं एका दिवसात दोन दिवस जगू लागली. गुरुवारी मशीनवर रविवार निघाला, तेव्हा बाबूजींनी त्याला सोमवारावर ढकललं आणि एक रजा वाचली म्हणून चहा मागवला.

मग आला सव्वीस जुलै, खरा सोमवार. मशीनवर एक ऑगस्ट होता. शोभाबाईंनी नेहमीप्रमाणे दोन ऑगस्टचे दहा केले. त्यांची हजेरी लागली, रूपरावाची लागली. बाबूजींनी ऐटीत आपला नंबर दाबला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: "हा कर्मचारी सेवेत नाही."

बाबूजी मटकन खुर्चीत बसले. एकतीस जुलैला व्हायची रिटायरमेंट मशीननं उरकूनही टाकली होती. करायला गेलो गणपती, झाला मारुती. नेमकी त्याच वेळी ट्रेनिंगहून परतलेली समीक्षा दारात उभी होती, आणि तिच्यामागे अध्यक्ष.

सगळं ऐकून महादेवरावांचा चेहरा लाल झाला. "समीक्षा, दुरुस्त कर हे!"

"होते, साहेब. मशीन बंद कराची अन् उघडताना लेव्हल चढूच द्याची नाई. ते मले येते. मंग घड्याळ मागं घेता येते." मग तिनं बाबूजींकडे पाहिलं आणि तिचा आवाज बारीक झाला. "पण आता साडेदहा वाजले. घड्याळ खरं केलं का बाबूजींले लेट मार्क लागन. अन् लेव्हल चढली का तो खोडता येत नाई."

एकतीस वर्षं आणि पाच दिवसांवर आलेला निरोप. रूपरावानं स्टुलाकडे पाहून डोळे पुसले. बाबूजी मात्र ताठ उभे राहिले.

"माह्यासाठी काही दुरुस्त करू नका. साहेब, तुमीच म्हणलं होतं ना, मशीन म्हणन ते खरं?"

"म्हणलं होतं. मंग?"

"मशीन म्हंते मी सेवेत नाई. रिटायर माणसाले लेट मार्क देता येते काय?"

अध्यक्षांनी बोटांवर दिवस मोजले. "अन् पाच दिवसांचं काम कोण करन?"

"मी करन ना! हौसेनं करन. हजेरी मात्र लावणार नाई. मशीनचा अपमान होते."

शेवटी समीक्षानं आधी बाबूजींचं नाव यादीतून काढलं आणि मगच घड्याळ मागे घेतलं. शोभाबाई आणि रूपरावाला लेट मार्क लागले. ते त्यांनी हसत घेतले, त्यांना कुठं एकतीस वर्षांचं पुण्य राखायचं होतं? बाबूजी मात्र पाचही दिवस वाटेल तेव्हा आले, चहा पीत आले, एकदा तर बाजार करून आले. सुंठीवाचून खोकला गेला होता.

एकतीस तारखेला चार वाजता निरोपसमारंभ होता. शाल, नारळ, पेढे सगळं मांडून झालं, पण अध्यक्षांचाच पत्ता नव्हता. चार वाजून पस्तीस मिनिटांनी ते घामाघूम होऊन आत शिरले. सेलूहून येताना त्यांची जीप पंक्चर झाली होती. सगळ्यांच्या नजरा आधी त्यांच्याकडे आणि मग मशीनकडे वळल्या.

"फार उशीर झाला," महादेवराव खाली मान घालून म्हणाले.

बाबूजींनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. आज चांगला सूड उगवता आला असता.

"रूपराव," ते म्हणाले, "स्टूल आण."

रूपराव स्टुलावर चढला. भिंतीवरचं घड्याळ त्यानं बरोब्बर चारवर आणलं.

"बसा साहेब," बाबूजी म्हणाले. "माणूस लेट नाई, जीप लेट आहे."

अध्यक्ष बसले. समीक्षानं मशीनमधून काढलेला कागद त्यांनी वाचून दाखवला: सेवा एकतीस वर्षं, लेट मार्क शून्य. टाळ्या वाजत असताना त्यांनी भिंतीवर एकदा नजर टाकली. मग कोणी बघत नाही असं पाहून मनगटावरचं घड्याळ काढलं आणि हळूच पस्तीस मिनिटं मागे घेतलं.